तीन तोंडांची पेटी

मित्रांनो, मला तोंडं तीन आहेत आणि पोट मात्र एकच. हसू नका. मी काही राक्षस नाही. एका शाळेच्या व्हरांड्यात, ऑफिसच्या खिडकीला लागून टांगलेली मी एक जुनी अभिप्राय पेटी आहे. शाळेबद्दल जे वाटतं ते कागदावर लिहायचं, घडी घालायची आणि माझ्या तोंडात टाकायचं, इतकं साधं माझं काम. त्या साध्या कामात माझ्या पोटी जे पाप साठलं ते आज मी सांगून टाकणार आहे. आता पोटात काही ठेवायची मला भीती वाटते.

माझा जन्म मोडक्या बाकांतून झाला. लाकूडकामाचे एक सर होते. त्यांनी अडगळीतले दोन बाक सोडवले, रंधा मारला आणि मला घडवलं. माझ्या डाव्या फळीच्या आतल्या बाजूला कुणीतरी पूर्वी कंपासच्या टोकाने ‘कंटाळा आला’ असं कोरलं आहे. सरांनी ते मुद्दाम घासलं नाही. ‘‘राहू दे,’’ ते म्हणाले, ‘‘हिच्यात पडलेला पहिला अभिप्राय आहे हा.’’ माझी तोंडं आतून कानसून गुळगुळीत करायची होती, म्हणून त्यांनी माझी पाठ वेगळी ठेवली आणि शेवटी एक पातळ फळी चार स्क्रूंनी बसवली. ते स्क्रू एकेक करून त्यांच्या हातात देत होत्या शाळेच्या मावशी. मावशी म्हणजे शाळा उघडणाऱ्या, झाडणाऱ्या, घंटा देणाऱ्या आणि कुठल्या वर्गाचा कुठला बाक डुगडुगतो हे पाठ असणाऱ्या. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी विसरले नव्हते, पण माझ्या लक्षात असून उपयोग काय होता?

आता तीन तोंडं कशाला, ते ऐका. त्या वर्षी शाळांना वरून पत्र आलं होतं, की प्रत्येक शाळेने दरवर्षी आपलं मूल्यमापन आपणच करायचं. म्हणजे आपण कुठे चांगले, कुठे कमी पडतो, ते खरं खरं लिहून पाठवायचं. पण आपली पाठ आपल्याला दिसत नाही. म्हणून तिघांना विचारायचं ठरलं. विद्यार्थ्यांना पांढरा कागद, पालकांना पिवळा, शिक्षकांना गुलाबी. माझ्या तीन तोंडांवर तशी तीन नावं रंगवली. मुख्याध्यापिकाबाईंनी, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, प्रार्थनेनंतर माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, ‘‘जे तोंडाने सांगवत नाही ते या पेटीत टाका. आम्ही वाचतो.’’

आणि खरंच वाचत. तेव्हा मला एकच छोटं कुलूप होतं. दर शनिवारी शाळा सुटली की मोठ्या बाई आणि लाकूडकामाचे सर मला टेबलावर पालथी करत. मग कुणाचा नळ दुरुस्त होई, कुणाच्या वर्गातला पंखा, कुणाच्या आईला मधल्या सुट्टीत भेटायची परवानगी मिळे. एका पांढऱ्या कागदावर लिहिलं होतं, ‘मुतारीच्या दाराला कडी नाही, एकाला बाहेर उभं करावं लागतं.’ सोमवारी कडी बसली. दुसऱ्या शाळेतले शिक्षक मला बघायला आले, वहीत माझं चित्र काढून घेऊन गेले. मी तेव्हा अशी फुगले होते म्हणता, की माझं झाकण नीट लागेना. तो ओलाव्याचाही दोष असेल.

मग एक दिवस माशी शिंकली. एका मुलाने गणिताच्या सरांबद्दल लिहिलं, ‘सर छान शिकवतात, पण गणित चुकलं की आमच्या आजोबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार करतात. माझे आजोबा गणितात हुशार होते.’ हा कागद कुणीतरी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचला. सगळे खो खो हसले. गणिताचे सर दारातच उभे होते. ते डबा न खाता वर्गावर गेले आणि त्या दिवशी त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही.

सर वाईट माणूस नाहीत, मित्रांनो. तोंडाने फटकळ, पण कामाला चोख. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की विश्वासाने टाकलेल्या कागदाचा असा तमाशा पुन्हा होता कामा नये. म्हणून त्यांनी नियम सुचवला. पेटीला तीन कुलपं लावायची. एक किल्ली शिक्षकांकडे, म्हणजे त्यांच्याकडे. एक पालकांच्या प्रतिनिधीकडे. एक विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधीची, जी मोठ्या बाईंच्या खणात राहील. तिघं समोर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? तीन पितळी कुलपं लागली तेव्हा मला दागिने घातल्यासारखं वाटलं. नाकापेक्षा मोती जड झाला हे कळायला वेळ लागला.

एक वर्ष बरं गेलं. लाकूडकामाचे सर निवृत्त झाले. पालकांचे प्रतिनिधी एक शिंपीकाका होते. त्यांची मुलगी शाळा पूर्ण करून बाहेर पडली आणि ते बिऱ्हाड हलवून दुसऱ्या गावी गेले. माझी किल्ली त्यांच्या कात्र्यांच्या डब्यात गेली ती गेलीच. त्यांचा नवा पत्ता कुणाकडेच नव्हता.

‘‘काही अडत नाही,’’ मोठ्या बाई म्हणाल्या. ‘‘पालकांची सभा बोलवू, नवा प्रतिनिधी निवडू, त्याच्या समोर कुलूप बदलू.’’ सभा झाली. छत्तीस पालक आले. प्रत्येकाने पिवळ्या कागदावर एक नाव लिहिलं, घडी घातली आणि रांगेने येऊन ती मतं टाकली. कुठे? माझ्या पोटात. सवयच ती. शेवटचा कागद पडल्यावर गणिताचे सर उठले, हात चोळत म्हणाले, ‘‘चला, मोजू या,’’ आणि खिशातून आपली किल्ली काढून माझ्यासमोर उभे राहिले. तसेच राहिले. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग कुणीच हसलं नाही.

नवी किल्ली कुणाला द्यायची ते माझ्या पोटात, आणि माझं पोट त्या किल्लीशिवाय उघडायचं नाही. फेरमतदान घ्यावं, तर आधीचं रद्द करायला हवं. आणि मोजल्याशिवाय रद्द कसं करणार, असं सरांचं गणित. ‘‘कुलूप फोडू या,’’ असं एक शिक्षक म्हणाले, तर सर म्हणाले, ‘‘आज आपण फोडलं तर उद्या कुणी का विश्वास ठेवावा?’’ विषय पुढच्या सभेवर गेला. पुढच्या सभेला सात माणसं आली आणि विषय त्याच्या पुढच्या सभेवर गेला. कागद मात्र येतच राहिले. टाकू नका, असं कोण सांगणार? वर्षाच्या अहवालात अभिप्रायांचा रकाना होता. मोठ्या बाईंनी पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं, मला थोडं हलवून बघितलं आणि लिहिलं, ‘पेटी काठोकाठ भरली आहे. प्रतिसाद उत्कृष्ट.’

मित्रांनो, कौतुकाने जीव नकोसा होतो हे मी त्या दिवशी शिकले.

आता शिडीबद्दल सांगते. शिडी हे पोरांनी ठेवलेलं नाव. ती सातवीतली एक उंच मुलगी. आईचं इस्त्रीचं दुकान, घरी दोघीच. उंच म्हणून तिला शेवटचा बाक, डाव्या भिंतीला चिकटून. वर्गशिक्षक गणिताचे सर. ती पाचवीत असल्यापासून मला ओळखत होती. कागद टाकला की माझ्यावर दोनदा टकटक करायची आणि कान लावायची. कागद तळाला पोचला की वरच अडकला, ते तिला आवाजावरून कळत असे म्हणे. उजवा कान लावायची नेहमी. तिचा तो कान ऊबदार असे आणि त्यातलं छोटं डूल माझ्या फळीवर टेकत असे.

सातवीच्या सुरुवातीला ती पंधरा दिवस तापाने आजारी होती. बरी होऊन आली त्या दिवशी तिने पांढरा कागद टाकला, टकटक केली, उजवा कान लावला. थांबली. पुन्हा टकटक केली. मग हळूच मान वळवून डावा कान लावला.

आख्ख्या शाळेत ते फक्त मी पाहिलं. माझ्या पोटात पडलेलं सगळं मला वाचता येतं. तो कागद मला आजही पाठ आहे. ‘मला तापानंतर उजव्या कानाने ऐकू येत नाही. डावा कान भिंतीकडे आहे. माझा बाक दुसऱ्या बाजूला हवा आहे. घरी कळवू नका. आईला दुकानात खूप काम असतं, तिला आणखी एक काम नको.’

मी म्हटलं, ठीक आहे. कुणीतरी उघडेल. बाक हलवायला किती वेळ लागतो?

आठवडा गेला. दुसरा गेला. वर्गातून सरांचा आवाज व्हरांड्यात यायचा. ‘‘शिडी, लक्ष कुठंय? भिंतीशी लग्न लागलंय का तुझं?’’ पोरं हसायची. सगळ्यात शेवटी, इतरांचं बघून, ती पुस्तक उघडायची. येता-जाता मला दिसायचं की तिने दोन वेण्या सोडून केस कानांवरून मोकळे घ्यायला सुरुवात केली होती.

सहामाही परीक्षेच्या आधी तिची आई आली. हातात पिवळा कागद. पिशवीत चुरगळला होता, म्हणून तिने त्यावर इस्त्री फिरवलेली होती. माझ्या तोंडात पडताना तो अजून कोमट होता. ‘मुलगी हाक मारली तरी वळून बघत नाही. उशीचा अभ्रा स्वतःच धुते, मला हात लावू देत नाही. माझ्यावर रागावली आहे की शाळेत कुणी काही बोललं? तुम्हाला काही माहीत असेल तर कृपा करून कळवा. मी वाट बघते.’ खाली तिने तारीख घातली होती, दुकानाच्या पावतीवर घालते तशी, ठळक.

आणि चारच दिवसांनी गुलाबी कागद पडला. विज्ञानाच्या बाई शाळेत नव्या होत्या, अजून त्यांना स्वतःची खुर्चीसुद्धा मिळाली नव्हती. त्यांनी लिहिलं होतं, ‘सातवीतली उंच मुलगी ढ नाही. प्रयोगशाळेत मी तिच्या डाव्या हाताला उभी राहून विचारलं तर तिने सगळं बरोबर सांगितलं. उजव्या बाजूने विचारलं तर जणू मी तिथे नाहीच. तिचे कान तपासायला हवेत असं मला वाटतं. मी नवीन आहे. वर्गशिक्षक अनुभवी आहेत, त्यांना हे मी कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून इथे लिहिते.’

मित्रांनो, ते तीन कागद माझ्या पोटात एकमेकांना टेकून पडले होते. पांढरा खाली, त्यावर पिवळा, त्यावर गुलाबी. पोरीला माहीत होतं की ऐकू येत नाही. आईला माहीत होतं की काहीतरी बिघडलंय. बाईंना माहीत होतं की कान तपासायला हवेत. तिघींनाही वाटत होतं की आपण सांगितलं. तिघी उत्तराची वाट बघत होत्या. आणि मी, जिच्याकडे अख्खी गोष्ट होती, तिला बोलायला एकही तोंड नव्हतं. ती तीन तोंडं फक्त घ्यायची होती.

मी काय काय केलं नाही! ओलाव्याने फुगले, फळ्या करकरवल्या. दारातून वारा आला की खुंट्यांवर हलून भिंतीवर आपटत राहिले. मोठ्या बाई म्हणाल्या, ‘‘मावशी, ती पेटी वाजते. मागे पुठ्ठा घाला.’’ मावशींनी पुठ्ठा घातला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मग मी वाळवीची वाट पाहिली. चोराची वाट पाहिली. मला फोडा, मला जाळा, पण आधी ते तीन कागद काढा, असं मी त्या व्हरांड्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला मनात ओरडून सांगत होते. गणिताचे सर रोज माझ्यासमोरून जायचे. त्यांच्या खिशात माझी किल्ली वाजायची.

सहामाहीत ती चार विषयांत नापास झाली. त्यानंतर काही दिवसांनी ती माझ्याकडे पुन्हा आली. हातात पांढरा कागद. कानात कापूस होता, तो केसांतून दिसत होता आणि पिवळा पडला होता. पण आता मी खरोखरच गळ्यापर्यंत भरले होते. कागद जाईना. अर्धा आत, अर्धा बाहेर. तिने दोन बोटांनी ढकलून पाहिला, तेवढ्यात घंटा झाली आणि तिच्या मैत्रिणीने तिला हाताला धरून ओढून नेलं.

तो अर्धा बाहेर असलेला कागद! मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. आता कुणीही नुसता चिमटीत धरून ओढला की काम झालं. त्यावर लिहिलं होतं, ‘कानातून पाणी येतं आणि खूप दुखतं. बाक बदलला नाही तरी चालेल. तुम्ही पहिला कागद वाचला का, एवढंच सांगा.’ मी जीव मुठीत धरून वाट बघत राहिले.

गणिताचे सर आले. थांबले. कागदाकडे पाहिलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, काखेतली लाकडी पट्टी काढली आणि तिच्या टोकाने तो कागद अलगद, अगदी जपून, आत ढकलला. ‘‘कुणी वाचेल-बिचेल,’’ ते स्वतःशीच म्हणाले.

त्यांना कुणाचा पुन्हा तमाशा होऊ द्यायचा नव्हता. मी त्यांना दोष देत नाही. पण त्या पट्टीचा व्रण माझ्या ओठावर आहे.

वर्ष संपत आलं. एके दिवशी, शाळा भरून तास सुरू झाल्यावर, शिडीची आई ऑफिसच्या खिडकीशी आली. शाळा सोडल्याचा दाखला मागायला. शिडी दप्तर घेऊन जिन्यापाशी उभी होती, भिंतीकडे तोंड करून. तिने दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. खिडकीतून कारकून म्हणाले, वर्गशिक्षकांची सही लागेल. सरांना बोलावलं.

‘‘काढता तिला?’’ सरांनी विचारलं.

‘‘काय करू सर? मन नाही तिचं. दुकानात तरी हातभार लावेल. कपड्यांच्या घड्या नीट घालते.’’

‘‘आधी हुशार होती हो. यंदा काय झालं कोण जाणे. मी घसा कोरडा केला, पण तिच्या कानावर पडेल तर शपथ.’’

‘‘घरीही तेच,’’ आई म्हणाली. ‘‘म्हणून तर मी लिहून टाकलं होतं. सहामाहीच्या आधी. उत्तराची वाट बघितली. मग म्हटलं, शाळेला तसं काही वाटलं असतं तर त्यांनी कळवलं असतं. म्हणजे पोरीतच खोट असेल.’’

‘‘कुठे टाकलं होतंत?’’

तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

विज्ञानाच्या बाई परीक्षानळ्यांचा ट्रे घेऊन जात होत्या. त्या थांबल्या. नळ्या एकमेकींवर किणकिणल्या. ‘‘सर,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मीही टाकला होता एक कागद. हिच्याबद्दलच.’’

सरांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, मग माझ्याकडे. खिशातून किल्ली काढून त्यांनी पहिलं कुलूप उघडलं. किल्ली दोनदा चुकली. मोठ्या बाई खणातली किल्ली घेऊन धावत आल्या, दुसरं उघडलं. तिसरं तसंच लोंबत राहिलं. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. मग सर अगदी हळू म्हणाले, ‘‘फोडा. हातोडा आणा कुणीतरी.’’

व्हरांडा पुसत असलेल्या मावशी फडकं बादलीत टाकून उठल्या. ‘‘फोडायचं कशाला, चांगली पेटी आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मागनं चार स्क्रू आहेत.’’

त्यांनी मला दोन्ही हातांनी खुंट्यांवरून उचललं, मांडीवर पालथी घेतली, बाकांचे नटबोल्ट आवळायचा पेचकस कमरेच्या पिशवीतून काढला आणि चार स्क्रू फिरवले. तुमच्या दोन पानांचं शुद्धलेखन होणार नाही इतक्या वेळात माझी पाठ उघडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

‘‘मावशी,’’ मोठ्या बाई म्हणाल्या, ‘‘तुम्हाला हे माहीत होतं?’’

‘‘हो. मीच तर दिले होते ना स्क्रू सरांच्या हातात.’’

‘‘मग इतके दिवस बोलला का नाहीत?’’

‘‘मला कोण विचारतंय?’’ मावशी म्हणाल्या. रागाने नाही, सरळच. ‘‘तुमच्या सभेत मी चहा देऊन बाहेर जाते. लिहून टाकावं म्हटलं तर हिच्यावर माझं तोंड कुठंय? पोरांचं आहे, आईबापांचं आहे, मास्तरांचं आहे. मला वाटलं, तुम्ही शिकलेली माणसं, काहीतरी कारण असेल.’’

माझ्या पोटातून कागदांचा ढीग फरशीवर आला. ती छत्तीस मतंही आली. गणिताचे सर खाली मांडी घालून बसले आणि एकेक उलगडू लागले. आधी त्यांना गुलाबी सापडला, मग पिवळा. पांढरा तळाचा म्हणून सगळ्यात शेवटी. तो वाचताना त्यांचे ओठ हलत होते. आणि वरच्या थरातला तो दुसरा पांढरा मोठ्या बाईंनी त्यांच्या हातात दिला. त्याच्या मधोमध पट्टीच्या टोकाची खूण होती. ती खूण त्यांनी ओळखली. मला ते कळलं, कारण त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

सर उठले. त्यांनी शिडीला हाक मारली. तिचा उजवा कान आमच्याकडे होता. ती हलली नाही. एरवी त्यांनी दुसरी हाक चढ्या आवाजात मारली असती. त्या दिवशी ते चालत गेले, तिच्या मागून वळसा घातला आणि तिच्या डाव्या बाजूला गुडघे टेकून बसले. चांगले जाडजूड, पांढऱ्या केसांचे सर. तिने दचकून पाहिलं.

‘‘वाचलं ग बाळ,’’ ते म्हणाले. ‘‘तू विचारलं होतंस ना, वाचलं का म्हणून. आज वाचलं.’’

ती रडली नाही. तिने फक्त दप्तराचा पट्टा सोडला. रडली तिची आई, पदर तोंडात कोंबून, त्या खिडकीच्या कट्ट्यावर डोकं ठेवून. ‘‘मी समजत होते माझ्यावर रागावलीये,’’ एवढंच ती परत परत म्हणत होती.

त्याच दुपारी विज्ञानाच्या बाई दोघींना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. दाखला लिहिलाच गेला नाही. इथवर आलात म्हणजे तुम्हाला वाटेल की गोष्ट गोड झाली. मलाही तसंच वाटलं होतं. पण चार दिवसांनी आई पुन्हा आली आणि व्हरांड्यात उभी राहूनच तिने सांगितलं. डावा कान शाबूत आहे. उजव्या कानात आतून पू होऊन सगळं खाल्लं गेलंय. दुखणं औषधाने थांबेल, ऐकू येणं परत यायचं नाही. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, इतके दिवस काय केलंत? सहामाहीच्या सुमाराला आणली असती तरी कान वाचला असता.

सहामाहीच्या सुमाराला. मित्रांनो, तेव्हा तो इस्त्री केलेला पिवळा कागद माझ्या पोटात होता. त्यावर ठळक तारीख होती. त्याच्या खाली पांढरा होता आणि वर गुलाबी. पोरीचा कान माझ्या पोटात, मी टांगलेल्या जागेपासून सतरा पावलांवरच्या वर्गात ती बसलेली, आणि मध्ये कुलूप. कुलूप कुणी वाईट हेतूने लावलेलं नव्हतं, हेच मला सगळ्यात जास्त छळतं. वाईट हेतू असता तर कुणाला तरी शिव्या देऊन मी मोकळी झाले असते.

शिडी आता दुसऱ्या बाकावर बसते, उजव्या भिंतीकडे, म्हणजे चांगला कान वर्गाकडे राहतो. तिला शिडी म्हणायची सरांनी बंदी केली आहे, पण ती स्वतःच तसं म्हणवून घेते. मला आता कुलूप नाही. माझ्या अंगावर चौथं तोंड आहे. ते गणिताच्या सरांनी स्वतः करवतीने कापलं. वाकडंतिकडं झालं आहे, कारण त्यांना लाकूडकाम येत नाही. त्यावर त्यांनी रंगाने ‘मावशी’ असं लिहिलं. मावशींचा पहिला कागद आला तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखून तो उघडला. त्यात होतं, ‘बादली गळते. दोन वर्षं झाली.’ या वर्षीच्या अहवालात मोठ्या बाईंनी अभिप्रायांच्या रकान्यात लिहिलं आहे, ‘एका मुलीने आम्हाला वेळेवर सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही.’ कारकून म्हणाले, असं लिहून पाठवायचं नसतं. मोठ्या बाईंनी तसंच पाठवलं.

माझं सांगून झालं. आता माझी एकच विनवणी आहे. तुम्ही मोठे व्हाल, कुणी शिक्षक व्हाल, कुणी आई, कुणी साहेब. कुणाला काही विचारायचं नसेल तर विचारू नका. न विचारलेला माणूस निदान दुसरं दार तरी ठोठावतो. पण विचारलंत, तर उत्तर वाचा, आणि हातात पडलं त्याच दिवशी वाचा. तुमच्यावर भरवसा ठेवून तो गप्प बसलेला असतो.

दर शनिवारी मला रिकामी करून पुन्हा टांगतात. मग ती येते. दोनदा टकटक करते आणि जुन्या सवयीने आधी उजवा कान लावते. मी रिकामी असते, म्हणून चांगली खणखणीत वाजते. जीव तोडून वाजते. ती थोडा वेळ तशीच उभी राहते. मग मान वळवते आणि डावा कान लावते.